दमामची वेळ

आमच्या खाडीपट्ट्यात मुलांना बापाची ओळख आधी सुटकेसवरून व्हायची आणि मग चेहऱ्यावरून. बाणकोटच्या खाडीच्या दोन्ही अंगांना कोकणी मुसलमानांची गावं आहेत. या गावांतली माणसं पूर्वी जहाजांवर असत. 1973 नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामं निघाली आणि कुवेत, बहरीन, दमाम, जेद्दा ही नावं आमच्या घराघरांत महाड-मंडणगडपेक्षा जवळची झाली. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची रजा. घरी येणाऱ्या माणसाच्या आधी दोरीने बांधलेली सुटकेस ओटीवर यायची आणि सगळं घर तिच्याभोवती बसायचं. खजूर, ब्लँकेट, टँगची बाटली, अत्तराच्या कुप्या, अम्मीसाठी कापड, दादीसाठी दुखऱ्या गुडघ्यांना चोळायचा बाम.

2001 साली बकरी ईद मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली होती. त्या ईदला अब्बा दमामहून आले, तेव्हा सुटकेसमध्ये टॉवेलात गुंडाळलेला एक गेम बॉय कलर होता आणि त्यात पोकेमॉन गोल्डची कॅसेट. त्या चौकोनी तुकड्याला आम्ही कॅसेटच म्हणायचो. आम्ही म्हणजे आम्ही आणि आमचा धाकटा भाऊ. तो खेळ दोघांनी मिळून इतका खेळला की त्याबद्दल 'मी' असं लिहायला हात वळत नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जपानमधले सातोशी ताजिरी लहानपणी किडे-भुंगे गोळा करत फिरायचे. मोठेपणी त्यांनी तो छंद एका खेळात उतरवला. 1996 साली तो जपानमध्ये निघाला. रानात निरनिराळे प्राणी भेटतात, त्यांना पकडायचं, वाढवायचं, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचं, गावोगाव फिरायचं. पोकेमॉन म्हणजे पॉकेट मॉन्स्टर्स, त्याचं जपान्यांनी केलेलं छोटं रूप. गोल्ड हा त्याचा पुढचा भाग, 1999 चा. त्याच्यात एक नवी गोष्ट होती. कॅसेटच्या आत घड्याळ होतं. खेळ बंद असला तरी ते चालत राही. खेळात सकाळ, दुपार, रात्र होई, वार बदलत आणि रात्री वेगळे प्राणी बाहेर पडत.

खेळ सुरू करतानाच किती वाजले ते विचारलं जातं. ते अब्बांनी दमामला सांगून टाकलं होतं. कॅसेट चालते का हे बघायला त्यांनी तिथेच खेळ सुरू केला होता. खेळणाऱ्याचं नाव टाकायला सात अक्षरांची जागा असते. त्यात त्यांनी 'अब्बा' असं टाकलं होतं. आम्ही विचारलं, आमचं का नाही टाकलं? तर म्हणाले, "एकाचं टाकलं असतं तर दुसऱ्याने घर डोक्यावर घेतलं असतं." ते खरंच होतं.

नव्याने खेळ सुरू करायचा तर जुना पुसावा लागतो. जागा एकाच खेळापुरती. आम्ही तो पुसला नाही. त्यामुळे पुढची आठ वर्षं त्या खेळातली सगळी माणसं आम्हांला 'अब्बा' म्हणत राहिली आणि त्यातलं घड्याळ दमामची वेळ दाखवत राहिलं, आपल्यापेक्षा अडीच तास मागे. त्या खेळात संध्याकाळी सहाला रात्र होते. म्हणजे आमच्याकडे मगरिब होऊन, दिवेलागण होऊन, भाकऱ्या भाजून झाल्या तरी पडद्यावर ऊन असे. साडेआठला तिकडे अंधार पडे. भाऊ पडद्यावर काळोख झाला की अम्मीला ओरडून सांगे, "अब्बांकडे सहा वाजले." अम्मी चुलीपुढून हं म्हणे. तो गडी वेळ सांगायचं कधी चुकला नाही.

त्या खेळात एक कार्ड असतं, त्यावर किती तास खेळ झाला ते दिसतं. अब्बा म्हणाले होते, चालतो का बघायला अर्धा तास लावून बघितला. कार्डावर अकरा तास होते. अकरा तासांत अब्बांची मजल दुसऱ्या-तिसऱ्या गावापर्यंतच गेली होती. अब्बा उर्दू सातवी शिकलेले, तिथे एका गोदामात कामाला. खोक्यांवरचं इंग्रजी त्यांना वाचता येई, पण कुठे जायचं, कुणाला भेटायचं हे लांबलचक बोलणं त्यांच्या वाटेला नको होतं. म्हणून ते गवतात पुढे-मागे चालत राहिले होते आणि जो पक्षी, जो उंदीर समोर येईल त्याच्याशी लढत राहिले होते. पहिला प्राणी त्यांनी टोटोडाईल घेतला होता, मगरीचं निळं पिल्लू. सावित्रीत महाडकडे मगरी आहेत, त्या बघतच ते मोठे झालेले, तेव्हा दुसरं काही घेणार नव्हतेच. नुसतं गवत तुडवून त्यांनी ते पिल्लू सतराव्या लेव्हलला आणून ठेवलं होतं. आम्ही अकरा तासांचं विचारलं तेव्हा अब्बा सुपारी कातरत होते. म्हणाले, "खोलीत सहा माणसं. ए.सी.चा आवाज. झोप लागत नाही कधी कधी." एवढंच.

ईदच्या तिसऱ्या दिवशी पडवीत अब्बांच्या समोरच ते पिल्लू अठराव्या लेव्हलला गेलं आणि पडदा लखलखून त्याची मोठी मगर झाली. अब्बांना हे होतं ते ठाऊकच नव्हतं. एक पाऊल आधी थांबले होते ते. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितलं.

मग अब्बा गेले आणि दोन आठवडे झाले नसतील तोच बातमी आली. सौदीच्या उलेमांनी पोकेमॉनविरुद्ध फतवा काढला होता. पत्त्यांच्या खेळात जुगार आहे, त्यातल्या चिन्हांत यहुद्यांचा सहा टोकांचा तारा आहे, आणि प्राणी बदलत जातात ती डार्विनची शिकवण आहे, अशी कारणं होती. आमच्या गावी बातमी पोचेपर्यंत तिला आणखी पिसं फुटली. रजेवर आलेल्या एका चाचांनी जुम्यानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर सांगितलं की 'पोकेमॉन'चा अर्थच जपानीत 'मी यहुदी आहे' असा होतो. हे साफ खोटं होतं, पण त्या पायऱ्यांवर जपानी येणारं कोण होतं? संध्याकाळी अब्बांचा फोन आला. दुकानांतून तो माल उचलून नेलाय म्हणाले. पुढे काय करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ज्या मुलखात रोटी त्या मुलखाचा हुकूम, आणि इकडे मुलांच्या हातात त्यांनीच दिलेली वस्तू. फोनचं मीटर पळत होतं. दादीला विचारा, म्हणाले.

दादी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण घरातला शेवटचा शब्द तिचा. तिने आम्हांला समोर बसवलं. यात पैसे लावता? नाही. यात कुणाला सजदा करायला लागतो? नाही. हे बदलणं काय आहे ते दाखवा. भावाने तिला सुरवंट दाखवला. सुरवंट पकडला, वाढवला की त्याचा कोष होतो, आणि कोषातून फुलपाखरू निघतं. दादी म्हणाली, "हे तर कढीलिंबावर रोज होतं. तिथे कोण करतं? अल्लाहच ना!" आम्हांला आजही वाटतं, त्या फतव्यातल्या डार्विनच्या मुद्द्याचं याहून नेमकं उत्तर आमच्या वाचण्यात आलेलं नाही. प्राण्याच्या एका जन्मात होणारं रूपांतर ते, त्याला खेळात इंग्रजीत उत्क्रांतीचा शब्द वापरला एवढाच घोटाळा.

तरी दादीने एकटीच्या भरवशावर ठेवलं नाही. आम्हांला घेऊन मौलाना साहेबांकडे गेली. मौलाना साहेब उत्तर प्रदेशातले, तरुण, घरदार हजार मैलांवर. त्यांनी यंत्र हातात घेतलं, बराच वेळ बटणं दाबली. मग विचारलं, सट्टा कुठे आहे का यात? आता इथे खरं सांगायला हवं. होता. गोल्डनरॉड नावाच्या शहरात एक दुकान आहे, तिथे नाणी टाकून चक्र फिरवायची यंत्रं आहेत. उलेमांचा आक्षेप पत्त्यांबद्दलचा होता, तरी त्यांचा संशय अगदीच हवेतला नव्हता, असं आमचं मत आहे. मौलाना साहेब म्हणाले, "उस दुकान में क़दम नहीं रखना. और अज़ान हुई तो ये बंद." एवढ्या दोन अटींवर सुटका झाली. आम्ही तो खेळ पुरा खेळलो, पण त्या दुकानात आजपर्यंत पाय ठेवलेला नाही. आत काय काय बक्षिसं मिळतात ते आम्हांला फार उशिरा कळलं. 2016 साली मोबाइलवरचा पोकेमॉन गो आला, तो जुना फतवा पुन्हा पेपरांतून फिरला आणि गावातल्या पोरांनी आम्हांलाच विचारलं. आम्ही दादीचा कढीलिंब सांगितला.

मे महिन्याच्या सुट्टीत मात्र खेळ अडला. रस्त्याच्या मधोमध एक झाड. चारी बाजूंनी फिरून झालं, झाड हटेना. तिथे आम्ही तीन आठवडे अडकलो होतो. ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना आत्ता हसू येत असेल. पण आमची अडचण समजून घ्या. आम्ही उर्दू माध्यमात पाचवीत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली, आमच्यामागून आलेल्या मुलांना. आम्हांला ते पाचवीत भेटलं, आणि वर्षभरात जे आलं ते धडा मोठ्याने म्हणण्याइतकं. अर्थ विचारायची पद्धत नव्हती. त्या खेळात मात्र प्रत्येक माणूस काहीतरी सांगतो आणि ते समजल्याशिवाय वाट मिळत नाही.

घरात शब्दकोश नव्हता. खालच्या आळीत कुणबीवाडीतला एक मुलगा मराठी शाळेत सातवीला होता, त्याच्याकडे इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. रोज अर्धा तास खेळायला द्यायचं या बोलीवर तो शब्दकोशासकट आमच्या पडवीत येऊ लागला. आम्ही एक वही केली. उर्दू उजवीकडून, इंग्रजी डावीकडून आणि दोघांच्या मधल्या पट्टीत मराठी. कळलं असं की व्हिटनी नावाच्या मुलीला हरवल्यावर फुलांच्या दुकानातली बाई 'स्क्वर्टबॉटल' देते, ती त्या झाडावर वापरायची. शब्दकोशात 'स्क्वर्ट'पुढे लिहिलं होतं: चिळकांडी उडवणे. आता चिळकांडी म्हणजे काय? आम्हां दोघांना तो शब्दच नवा. त्या मुलाने न बोलता तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि पडवीच्या खांबावर उडवून दाखवलं. अम्मी धावून आली. वहीत उर्दूच्या बाजूला आम्ही 'पिचकारी' लिहिलं आणि मधे 'चिळकांडी'. मराठीतला तो शब्द आम्हांला असा एका जपानी खेळाच्या इंग्रजीतून मिळाला.

व्हिटनीला हरवणं हे आणखी एक प्रकरण. तिच्याकडे मिल्टँक नावाची गाय. आपण तिला अर्धमेली करावी तर ती दूध पिऊन पुन्हा ताजी, आणि मग गडगडत अंगावर येते, दर वेळी आधीच्या दुप्पट जोराने. आमची मगर तिच्यापुढे कितीदा आडवी झाली याचा हिशेब नाही. शेवटी एका दुपारी ती हरली आणि व्हिटनी रडायलाच लागली. बिल्ला द्यायचा सोडून रडते! भाऊ म्हणाला, राहू दे, नको आपल्याला. मग झाडावर पाणी मारलं, तर झाड नव्हतंच ते. झाडाचं सोंग घेतलेला दगड होता, त्याला पाणी सोसत नाही.

पुढे आम्ही बी.एड. केलं. वाचन म्हणजे अर्थ लावणं यावर तिथे प्रकरणंच्या प्रकरणं होती. आम्ही टिपणं काढली, परीक्षा दिली. आज आमच्या उर्दू शाळेत सहावीची मुलं इंग्रजीचा धडा घडाघड म्हणतात आणि अर्थ विचारला की जमिनीकडे बघतात, तेव्हा आम्हांला ती प्रकरणं आठवत नाहीत, तो ओला खांब आठवतो. त्यांच्या मोबाइलवरच्या खेळांत वाचायला काही नसतंच, नुसत्या गोळ्या. असो.

सेलचा खर्च हा एक वेगळाच विषय होता. दोन पेन्सिल सेल लागत. संपले की ते कौलावर उन्हात ठेवायचे, मग अजून थोडा वेळ चालत. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून रात्री बल्बखाली मान वाकडी करून बसायचं. लाइट गेली की खेळही गेला. काही प्राणी दुसऱ्या माणसाच्या यंत्राला वायर जोडून अदलाबदल केल्याशिवाय पुढे बदलत नाहीत. पंचक्रोशीत दुसरं यंत्र नव्हतं. आमच्याकडचं ते भूत शेवटपर्यंत अर्धवटच राहिलं.

त्या खेळातल्या आईबद्दल सांगायचं राहिलं. त्या घरात आई आहे, बाप कुठे आहे याचा उल्लेख नाही. आम्हांला त्यात काहीच वेगळं वाटलं नव्हतं. आमच्या आळीत दहातली सात घरं तशीच. ती आई सुरुवातीला विचारते, तुझ्या कमाईतला काही भाग मी साठवू का? अब्बांनी हो म्हणून ठेवलेलं होतं. मग मधेच तिचा फोन येई: अब्बा, तुझ्या पैशांतून मी अमुक घेतलं. न विचारता. अम्मीला हे वाचून दाखवलं की ती पदर तोंडाला लावून हसायची. अब्बांचा ड्राफ्ट आला की तीही आधी खर्च करायची आणि मग फोनवर सांगायची. जुम्याला शाळेला सुट्टी असे. त्या दिवशी खेळातल्या एका गुहेत तळ्यावर लॅप्रस नावाचा मोठा जलचर येतो, फक्त शुक्रवारी. अब्बांचा फोनही शुक्रवारीच. दोन्ही सांभाळावं लागे.

पहिला मुलूख संपला की या खेळात बोटीने दुसऱ्या मुलखात जाता येतं. तो मुलूख आधीच्या, 1996 च्या खेळातला. तिथे आम्ही 2002 च्या पावसाळ्यात पोचलो. त्या जुन्या खेळाचा नायक रेड, त्याच्या गावात त्याचं घर आहे. आत त्याची आई एकटी असते. ती म्हणते, मुलगा कधीचा गेलाय, त्याचा फोनही नाही, कुठे आहे काय करतो माहीत नाही. काही कळत नाही म्हणजे बरा असेल असं लोक म्हणतात, पण काळजी वाटतेच. आम्ही हे वहीच्या मदतीने जुळवून मोठ्याने सांगत होतो. दादी शेजारी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"किती वर्षं झाली म्हणते?"

"तीन."

"भेटला तर सांगा त्याला, आईला फोन कर म्हणावं."

त्यानंतर दादी दोन-चार दिवसांनी एकदा विचारायचीच, भेटला का? तो भेटायला फार वेळ लागतो. सोळा बिल्ले मिळवावे लागतात, मग माउंट सिल्व्हर नावाच्या डोंगराची अंधारी गुहा पार करावी लागते. आम्हांला दिवाळीची सुट्टी उजाडली. टोकावर तो एकटाच उभा होता. जवळ गेलो, बटण दाबलं. तो बोलला काही नाही. पडद्यावर फक्त तीन टिंबं आली आणि लढाई सुरू झाली. त्याचा पिकाचू 81 व्या लेव्हलचा. आमचे सगळे पडले.

दादीला सांगितलं, भेटला.

"काय म्हणाला?"

"काही नाही."

दादीने थोडा विचार केला. "थंडीत घसा बसला असेल."

पुढच्या महिन्यात आम्ही त्याला हरवलं. हरला की तो काही न बोलता तिथून नाहीसा होतो. दादी म्हणाली, घरी गेला असेल. आम्ही लगेच बोट पकडून त्याच्या गावी जाऊन बघितलं. घरात आई एकटीच होती आणि आधीचंच बोलत होती. हे दादीला सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं.

दादी 2006 साली गेली. अब्बा तिसऱ्या दिवशी पोचले.

कॅसेटच्या आत बटणासारखा एक सेल असतो, घड्याळ आणि साठवलेला खेळ दोन्ही त्याच्यावर चालतं. तो 2009 मध्ये संपला. यंत्र लावलं तर नवा खेळ सुरू करण्याचीच सोय पुढे आली. मगर, अर्धवट भूत, सोळा बिल्ले, सगळं गेलं. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, भाऊ मुंबईला. कॅसेट अम्मीच्या कपाटात पडून राहिली. सौदीत 2011 साली निताकतचा कायदा आला, 2013 मध्ये त्याची कडक अंमलबजावणी झाली आणि आमच्या भागातले बरेच लोक परत आले, त्यांत अब्बाही आले, कायमचे. आता पडवीतली खुर्ची त्यांची.

मागच्या सुट्टीत भावाच्या मुलीला कपाटात ते यंत्र सापडलं. महाडला मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे कॅसेट नेली. तिचा स्क्रू उघडायचा पाना त्याच्याकडे नव्हता, तर त्याने बॉलपेनचं प्लॅस्टिक तापवून स्क्रूवर दाबलं आणि थंड झाल्यावर त्याचाच पाना करून फिरवलं. नवा सेल डाग देऊन बसवला. दीडशे रुपये घेतले.

घरी येऊन मुलीने यंत्र सुरू केलं. पडद्यावर विचारलं, किती वाजले?

"दादा, किती वाजले?" तिने अब्बांना विचारलं.

"जमातीला वीस मिनिटं आहेत," अब्बा म्हणाले.

"आकडा सांगा ना."

अब्बांनी मनगट लांब धरून बघितलं. "चार वाजून दहा लाव."